विश्लेषण : गोदीतल्या जहाजाला घरपट्टी का नाही?

लालबागच्या चाळीतल्या खोलीला पालिकेचे बिल येते, तिच्यापासून दोन किलोमीटरवर उभ्या असलेल्या जहाजाला येत नाही. अमेरिकेत काही राज्यांनी हा प्रश्न थेट मतपेटीत टाकला होता. मुंबईत तो कधी विचारला गेला नाही, पण त्याचे उत्तर शहराच्या तिजोरीशी आणि बोटवाल्यांच्या खिशाशी जोडलेले आहे.

ईस्टर्न फ्रीवेवरून माझगाव, रे रोड, शिवडीचा टप्पा ओलांडताना एका हाताला परळ-लालबागचे टॉवर आणि त्यांच्या सावलीतल्या चाळी दिसतात, दुसऱ्या हाताला क्रेन आणि जहाजांचे डोलारे. दोन्ही बाजूंना कोट्यवधींची मालमत्ता उभी आहे. एका बाजूच्या प्रत्येक गाळ्याची पालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्याकडे नोंद आहे. दुसऱ्या बाजूला, ज्या जहाजाच्या मागच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘मुंबई’ असे नोंदणीबंदराचे नाव रंगवलेले असते, त्या जहाजाची त्या खात्याच्या दप्तरी काहीच नोंद नसते.

वरवर पाहता हे अजब वाटते. मुंबई बंदर १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या (२०२१ च्या कायद्यानंतर मुंबई बंदर प्राधिकरणाच्या) ताब्यात असले, तरी गोदीकडे जाणारे रस्ते, पाणी, आग विझवणारी गाडी हे सगळे शहराचेच. मग जहाजमालकाला स्थानिक करातून सूट कोणी दिली? त्याचे थोडक्यात उत्तर असे की, सूट कोणी दिलीच नाही. आपल्याकडच्या करांची रचनाच अशी आहे की जहाज त्या जाळ्यात येतच नाही. अमेरिकेत मात्र ते जाळ्यात होते, आणि त्यातून त्याला सोडवायला मतदान घ्यावे लागले.

जहाज ‘मालमत्ता’ नाही का?

मालमत्ता आहे, पण घरपट्टीच्या अर्थाने नाही. महापालिकेचा मालमत्ता कर ज्या घटनात्मक अधिकारातून येतो, ती नोंद राज्यसूचीत ४९ व्या क्रमांकावर आहे आणि तिचे शब्द आहेत ‘जमिनी आणि इमारती’ यांवरील कर. गाडी, दागिने, यंत्र, जहाज या जंगम वस्तू त्यात बसत नाहीत.

पण इमारत म्हणजे नेमके काय, यावर मुंबईतच मोठा खटला झाला. इंडियन ऑइलच्या पेट्रोलियम साठवणीच्या अवाढव्य टाक्या जमिनीत पक्क्या गाडलेल्या नव्हत्या. नटबोल्टने जखडलेल्याही नव्हत्या. केवळ स्वतःच्या वजनावर त्या जमिनीवर बसलेल्या होत्या. त्यामुळे त्या इमारत नाहीत, असा कंपनीचा दावा होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला. टाकी बोल्टने बांधलेली आहे की नाही हा मुद्दा नाही. ती कायमची तिथे उभी आहे, हलवली जात नाही, म्हणून ती करपात्र, असा त्या निकालाचा आशय होता.

हाच निकष उलटा लावला की जहाजाचे गणित सुटते. जहाज आठ दिवस इंदिरा गोदीत असेल, पुढचे आठ दिवस कोची किंवा दुबईत. त्याचे असणेच मुळी हलण्यासाठी.

मग हलायचे थांबलेल्या जहाजाचे काय? मुंबईकरांना याचे सर्वात ओळखीचे उदाहरण म्हणजे विमानवाहू ‘विक्रांत’. १९९७ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईतच उभी राहिली; शाळांच्या सहली तिच्या डेकवर जात. ती सरकारी मालकीची होती, त्यामुळे कराचा प्रश्न वेगळाच. अखेर २०१४ मध्ये ती दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडायला गेली आणि तिच्या पोलादातला काही भाग पुढे एका मोटारसायकलच्या टाकीत जाऊन बसला. जहाज, संग्रहालय, भंगार, मोटारसायकल: एकाच लोखंडाचे चार अवतार आणि कायद्याच्या लेखी चारही वेगळ्या वस्तू.

मांडवीतली कॅसिनो जहाजे हे दुसरे टोक. ती तरंगतात, पण प्रवास म्हणावा असा काही करत नाहीत. गोवा सरकार त्यांच्याकडून परवान्यापोटी दरवर्षी कोट्यवधींचे शुल्क वसूल करते. म्हणजे जहाज पाण्यात आहे एवढ्यावर काही ठरत नाही. ते तिथे काय धंदा करते, याला महत्त्व आहे.

राज्यघटनेत नौकांवर कर आहे का?

आहे, आणि हे फार कमी जणांना माहीत असते. राज्यसूचीतली ५८ वी नोंद ‘प्राणी आणि नौका’ यांवरील करांची आहे. बैल आणि बोट एकाच ओळीत. ज्या काळात बोट म्हणजे नदीकाठच्या गावातले वाहतुकीचे साधन होते, त्या काळाची ती खूण. राज्यातल्या बहुतेक महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही ‘वाहने, नौका आणि प्राणी’ यांवरील कराची तरतूद आहे. मुंबईला तो कायदा लागू नाही; तिचा स्वतःचा १८८८ चा कायदा आहे. मुंबईकरांच्या तोंडी राहिलेला तसा कर म्हणजे ‘व्हील टॅक्स’. नावाप्रमाणेच चाकांचा.

पण समुद्रगामी जहाजापर्यंत हात पोचवायचा झाला, तर राज्याला केंद्राची भिंत आडवी येते. सागरी नौवहन, मोठी बंदरे हे विषय संघसूचीत आहेत. रेल्वे, समुद्र किंवा विमानाने जाणाऱ्या माल-प्रवाशांवरील ‘टर्मिनल’ करही संघसूचीत, ८९ व्या क्रमांकावर. रस्त्याने आणि अंतर्देशीय जलमार्गाने जाणाऱ्या माल-प्रवाशांवरचा कर मात्र राज्याकडे. घटनाकारांनी पाण्यातच एक रेघ ओढली: खाडी आणि नदी राज्याची, समुद्र दिल्लीचा.

अमेरिकेत मतदान कशासाठी झाले?

तिथे स्थानिक कर केवळ जमीन-इमारतींवर नव्हता. अनेक राज्यांत जंगम मालमत्तेवरही तो बसे आणि काही ठिकाणी आजही बसतो. गोठ्यातली गुरे, दुकानातला माल, कारखान्यातली यंत्रे, तशीच जहाजेही. प्रश्न एवढाच होता की, सतत फिरणाऱ्या जहाजावर कर कोणत्या गावाने लावायचा?

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० च्या दशकात याचे उत्तर दिले. पॅसिफिक मेल कंपनीच्या आगबोटींवर सॅन फ्रान्सिस्कोने कर लावला होता. त्या बोटी तिथे येत-जात, पण त्यांची नोंदणी न्यूयॉर्कची होती. न्यायालय म्हणाले, कर लावण्याचा हक्क जहाजाच्या ‘घरच्या बंदराचा’. वाटेत थांबलेल्या बंदराचा नाही.

निकाल सुटसुटीत होता, पण त्याने जहाजमालकाच्या हातात एक हत्यार दिले. कर जास्त असलेल्या बंदरात नोंदणी कशाला करायची? कागदावरचे घर बदलले की झाले. घर उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. जहाज मात्र जिथे कमी कर, तिथे जाऊन राहते.

१९१४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या ऑगस्टमध्ये पनामा कालवा वाहतुकीला खुला झाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांमध्ये जहाजे ओढण्याची चढाओढ लागली. (योगायोग असा की, मुंबईची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, हीसुद्धा १९१४ सालचीच.) त्याच नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एकाच वेळी ४८ प्रस्ताव आले. दारूबंदी, कामाचा आठ तासांचा दिवस अशा पेटत्या विषयांच्या गर्दीत एक कोरडा प्रस्तावही होता: राज्यातल्या बंदरात नोंदलेल्या, मालाची वा प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या ५० टनांहून मोठ्या जहाजांना राज्याच्या करांखेरीज बाकी सर्व करांतून सूट द्यावी का? दारूबंदी आणि आठ तास दोन्ही फेटाळले गेले. जहाजांची सूट मात्र मंजूर झाली.

‘राज्याच्या करांखेरीज’ हे शब्द ऐकायला सौम्य वाटतात, पण मेख त्यातच होती. कॅलिफोर्नियाने १९१० मध्येच करांची वाटणी करून टाकली होती. रेल्वे, वीज, बँका यांच्यावरचे कर राज्याने घेतले आणि सर्वसाधारण मालमत्ता कर शहरे आणि काउंट्यांकडे राहिला. म्हणजे सूट जाहीर केली राज्यघटनेने, पण तिची झळ बसायची ती स्थानिक संस्थांना. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, शेजारच्या ओरेगॉन राज्यातही जवळपास तसाच प्रस्ताव मतदानाला आला आणि तोही मंजूर झाला. पहिल्याने सूट दिली की दुसऱ्याला गप्प बसता येत नाही, हे इथे दिसते.

दोन्हीकडे सूट कायमची नव्हती. १ जानेवारी १९३५ ही तिची मुदत ठरवली होती. प्रत्यक्षात काय झाले? कॅलिफोर्नियाच्या आजच्या राज्यघटनेतही ५० टनांहून मोठ्या मालवाहू आणि प्रवासी जहाजांची सूट आहे, आणि आता तिच्यापुढे मुदतीची तारीखही नाही. हौशी लोकांच्या छोट्या यॉटवर मात्र तिथल्या काउंट्या अजूनही दरवर्षी कर घेतात.

आपल्याकडे असा कौल का घेतला जात नाही?

कारण तशी सोयच नाही. भारतात कर लावायचा किंवा उठवायचा तर कायदा लागतो आणि कायदा करते संसद किंवा विधिमंडळ. पालिकेने कोणते कर लावावेत, हेही घटनेच्या २४३-एक्स अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळ ठरवते. एखाद्या प्रश्नावर ‘हो’ की ‘नाही’ असे थेट मत मागण्याचा प्रसंग मराठी मुलखाच्या जवळ घडला तो एकदाच, गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? फूल की दोन पाने? त्यासाठीही संसदेला खास कायदा करावा लागला. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. करासाठी असा कौल कधीच झाला नाही.

तरीही कर आणि मत यांची गाठ मुंबईत पडतेच, फक्त वेगळ्या वाटेने. फेब्रुवारी २०१७ च्या पालिका निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करू, हे शिवसेनेचे ठळक वचन होते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. चाळीतून पुनर्विकासात गेलेले कुटुंब नेमके अशाच आकाराच्या घरात राहायला येते. त्या निवडणुकीत शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या.

वचनाची अंमलबजावणी मात्र रखडत झाली. २०१९ मध्ये राज्य सरकारने सूट दिली ती केवळ ‘सर्वसाधारण करा’पुरती. मालमत्ता कराच्या बिलात पाणीपट्टी, मलनिस्सारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर असे बरेच धागे विणलेले असतात. त्यातला एक काढला, बाकीचे राहिले, आणि ‘माफ’ झालेल्या घरांनाही बिले येतच राहिली. त्यावरून गल्लोगल्ली वादावादी झाली. संपूर्ण माफीची घोषणा झाली १ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे त्या सभागृहाची मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरले असताना. सुमारे १६ लाख घरांना तिचा लाभ मिळाल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

जहाजाच्या सुटीशी हिची तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. ५०० चौरस फुटांचे घर सूट मिळाली नाही म्हणून उरणला पळून जाणार नव्हते. ती सूट मतांच्या जोरावर मिळाली. जहाजाला मत नसते, पण त्याला जाता येते, आणि करांच्या दुनियेत ‘मी जातो’ हे म्हणणे कित्येकदा मतापेक्षा वजनदार ठरते.

जहाज मोकळे, मग मालाचे काय?

इथे मुंबईची खरी गोष्ट सुरू होते. शहराने जहाजाकडे कधी कर मागितला नाही, कारण जहाजाच्या पोटातून उतरणाऱ्या मालावर त्याची चांगली नजर होती. आधी काही ठराविक वस्तूंवरचे ‘टाउन ड्युटी’ आणि १९६५ पासून सर्रास जकात. जकात म्हटले की मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरची ट्रकांची रांग आठवते, पण समुद्रातून येणारा मालही तिच्या कक्षेत होता. जवाहर द्वीपावर टँकर लागे, कच्चे तेल नळातून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाई आणि त्या तेलावर पालिकेला जकात मिळे. टँकर मोकळाच परत जाई.

जकातीचा नियम होता तो ‘वापर, उपभोग किंवा विक्री’साठी शहरात येणाऱ्या मालाचा. केवळ शहरातून पुढे जाणाऱ्या मालाचा नव्हे. या तीन शब्दांचा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा गाजलेला निकाल बेळगावचा आहे. बर्मा शेल कंपनी आणि बेळगाव नगरपालिका यांच्यातल्या त्या खटल्यात न्यायालयाने टर्मिनल कर आणि जकात यांतला भेद उलगडून दाखवला. माल हद्दीत आला एवढ्याने जकात लागत नाही. तो तिथे संपणार किंवा संपवणाऱ्याला विकला जाणार असेल, तरच लागते. घटनेतली रेघ जशी पाण्यात होती, तशी ही रेघ गोदामात. एकाच पिंपातले निम्मे तेल करपात्र आणि निम्मे नाही, असे घडू शकत होते.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री हे सगळे संपले. जीएसटी लागू झाला, जकात गेली, घटनेतली तिची नोंदही १०१ व्या दुरुस्तीने वगळण्यात आली. राज्याने कायदा करून नुकसानभरपाईची हमी दिली आणि दरवर्षी ८ टक्के वाढ ठरवली. जुलै २०१७ मध्ये पालिकेला पहिला धनादेश मिळाला तो सुमारे ६४७ कोटींचा, आणि तो देण्याचा एक समारंभही झाला.

रक्कम पोचते हे खरे. २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या पालिका अर्थसंकल्पात जकातीपोटी मिळणाऱ्या भरपाईचा अंदाज १४ हजार कोटींहून अधिक होता, तर मालमत्ता कराचा सुमारे ५,२०० कोटी. म्हणजे शहराचा सर्वात मोठा नियमित ओघ आता नाक्यावरून येत नाही, गोदीतूनही येत नाही. तो मंत्रालयातून येतो. जो कर पालिका स्वतः गोळा करत होती, त्याच्या जागी आता वरून येणारी रक्कम आहे. स्वतःच्या हातात उरलेले मोठे साधन म्हणजे मालमत्ता कर, आणि त्यातून १६ लाख घरे आधीच बाहेर.

जहाज मग भरते तरी काय?

बंदराला बरेच काही. बंदर शुल्क, वाटाड्याचे शुल्क, धक्क्यावर उभे राहण्याचे भाडे, दीपगृहांसाठीची आकारणी. हे सारे सेवेचे मोल. ते बंदर प्राधिकरणाकडे किंवा केंद्राकडे जाते, पालिकेकडे नाही. ते थकवले तर काय होते? २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्यात बंदर आणि गोदीची देणी ‘सागरी दाव्यां’च्या यादीत आहेत, त्यासाठी मुंबई उच्च न्यायालय जहाजाला ‘अटक’ करू शकते. घरपट्टी थकवल्याबद्दल खोलीवर जप्तीची नोटीस लागते, तसाच हा प्रकार. फक्त इथे नोटीस डेकवर चिकटवली जाते.

परदेशी जहाजांसाठी प्राप्तिकर कायद्यात एक वेगळीच चावी ठेवलेली होती. मालवाहतुकीच्या भाड्याच्या साडेसात टक्के रक्कम उत्पन्न मानायची, त्यावर कर घ्यायचा आणि तो भरल्याची किंवा भरण्याची सोय झाल्याची खात्री पटेपर्यंत सीमाशुल्क विभागाने जहाजाला बंदर सोडण्याची परवानगीच द्यायची नाही. अनेक देशांशी झालेल्या करारांमुळे प्रत्यक्षात बरीच जहाजे यातूनही सुटतात. पण कायदा करणाऱ्याला जहाजाचा स्वभाव चांगला ठाऊक होता: ते गेले की गेले.

भारतीय कंपन्यांसाठी २००४ पासून ‘टनेज कर’ आहे, आणि हीच आपल्याकडची जहाजांना मिळालेली खरी मोठी सवलत. नफा किती झाला हे पाहायचेच नाही. जहाज किती टनांचे, यावरून रोजचे मानीव उत्पन्न ठरवायचे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कोष्टकानुसार पहिल्या १,००० टनांपर्यंत दर १०० टनांमागे रोज ७० रुपये, पुढे १०,००० टनांपर्यंत ५३, मग २५,००० पर्यंत ४२ आणि त्यापुढे २९.

उदाहरणाने पाहू. २०,००० निव्वळ टनांचे जहाज. त्याचे रोजचे मानीव उत्पन्न होते ९,६७० रुपये. वर्षाचे ३५ लाख २९ हजार ५५० रुपये. कंपनी कराचा दर २५ टक्के धरला, तर कर ८ लाख ८२ हजारांच्या आसपास (अधिभार आणि उपकर वेगळे). त्या वर्षी जहाजाने ५० कोटी कमावले असोत की तोटा सोसला असो, आकडा हाच. त्या बदल्यात कंपनीने दहा वर्षे या योजनेत राहायचे, नफ्याचा किमान २० टक्के हिस्सा नव्या जहाजांसाठी राखून ठेवायचा आणि खलाशी-अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला हातभार लावायचा.

सवलतीमागचा तर्क कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे होता तोच आहे. ब्रिटनसह अनेक सागरी देश टनांवर कर घेतात. आपण नफ्यावर घेतला तर जहाज तिकडचा झेंडा लावेल. तरीही झेंड्यांची गळती थांबलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरच्या कार्यक्रमात (मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही तिथूनच झाले) पंतप्रधानांनी सांगितले की, पन्नास वर्षांपूर्वी देशाच्या व्यापारातला ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई, आता जेमतेम ५ टक्के. आणि परदेशी जहाजांच्या भाड्यापोटी वर्षाला सुमारे ६ लाख कोटी रुपये बाहेर जातात. त्याच आठवड्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. एकवीस वर्षांच्या टनेज करानंतरही एवढे मोठे पॅकेज लागावे, यातून नुसत्या करसवलतीची मर्यादा कळते. स्वस्त कर्ज, बांधणीचे कारखाने, भरवशाचा माल हे नसेल तर कमी कर एकटा जहाजाला धरून ठेवत नाही.

लहान बोटींचे काय?

टनेज कराच्या कलमांत कोणते जहाज ‘पात्र’ नाही याचीही यादी आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. मासेमारीची जहाजे नाहीत. मौजेच्या नौका नाहीत. बंदरातल्या आणि नदीतल्या फेरीबोटी नाहीत. एरवी जमिनीवर मिळणारी सेवा पाण्यात देणारी जहाजे, म्हणजे तरंगती हॉटेले वगैरे, नाहीत. शिवाय किमान १५ टनांची अट आणि मालक कंपनीच असण्याची अट. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही योजना अंतर्देशीय जलमार्गांवरच्या जहाजांपर्यंत नेली, पण एका बोटीचा धनी असलेल्या तांडेलाला तिचा काही उपयोग नाही.

भाऊच्या धक्क्यावर आणि ससून गोदीत लागणाऱ्या मासेमारी बोटींसाठी कराचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी येतो: डिझेलच्या पंपावर. बोटीच्या एका फेरीचा सर्वात मोठा खर्च डिझेलचा. डिझेल जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. समुद्रात चालणाऱ्या बोटीने रस्त्यांसाठीचा बोजा का उचलावा, या न्यायाने राज्य सरकार मच्छीमारांना या कराची प्रतिपूर्ती करते. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाल्याने वीज आणि कर्जाच्या सवलतींचा मार्गही खुला झाला.

फरक आहे तो सवलत मिळण्याच्या पद्धतीत. टनेज करातल्या कंपनीला कर आधीच कमी भरावा लागतो. बोटवाल्याला पंपावर पूर्ण दर मोजावा लागतो. मग बोटीची कागदपत्रे, परवाना, डिझेलच्या कोट्याची नोंद हे सगळे मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाते, निधी मंजूर होतो आणि त्यानंतर परतावा येतो. थकलेला डिझेल परतावा ही किनाऱ्यावरच्या प्रत्येक संस्थेची नेहमीची तक्रार आहे, आणि अधिवेशन आले की ती विधिमंडळातही ऐकू येते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, जाळी विणायची असतात, लाकूडकाम आणि रंगरंगोटी करायची असते आणि उत्पन्न शून्य असते. ऑगस्टच्या पहिल्या फेरीसाठी बर्फ, किराणा आणि टाकीभर डिझेल भरायला रोख पैसे लागतात. मागच्या हंगामाचा परतावा तोवर संस्थेच्या खात्यात जमा झाला असेल तर तो त्यात वापरला जातो. झाला नसेल, तर व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचलली जाते आणि हंगामाची मासळी त्याच्याच भावाने त्याला द्यावी लागते.